सरासरी प्रवाह: नगण्य

बावीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पाणबुड्याच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ तळाशी उतरला होता, होडीत दोर धरून हे बसले होते. दोर हातातून गेला, भाऊ गेला. ‘पाणी होडीला बाहेर ओढत होतं आणि भावाला किनाऱ्याकडे,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘चौकशीत तुमच्या कार्यालयाचा तक्ता दाखवला. त्यात त्या दिवशी प्रवाह नगण्य. आई म्हणते, मीच दोर सोडला. खरं काय ते कळवा.’

समुद्राच्या प्रवाहांच्या मोजणीचा तो तक्ता माझाच होता. दुःखात माणूस काहीही बोलतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर काय लिहावं तेच सुचलं नाही.

परवा माझी नात माझ्या जुन्या मोजणीच्या वह्या संगणकावर उतरवत होती. तीही आता त्याच कार्यालयात आहे.

“आजोबा, इथे दोन आकडे आहेत.”

“एक दोन मीटर खोलीवरचा, एक वीस मीटर खोलीवरचा. सरासरी काढायची पद्धत होती.”

“वरचं पाणी समुद्राकडे चाललंय, खालचं किनाऱ्याकडे. नवरा पूर्वेला निघाला, बायको पश्चिमेला, आणि तुम्ही लिहिलंत, दोघं घरीच!”

“पण वारा तर किनाऱ्याला समांतर वाहत होता,” मी पुटपुटलो.

“म्हणूनच तर! पृथ्वी फिरते, त्यामुळे वरचा थर वाऱ्याच्या आडव्या दिशेला वळला, बाहेर गेला. ती जागा भरायला खालचं गार, जड पाणी आत आलं. तुम्हीच शिकवलंत ना मला?”

मीच शिकवलं होतं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तारीख त्या अपघाताच्याच दिवसाची होती, दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात होते, आणि खाली सुबक रेघ मारून मीच लिहिलं होतं: नगण्य. त्या एका शब्दावर एका आईने आपल्या मुलाला गुन्हेगार ठरवलं होतं.

नातीला सगळं सांगून मी त्या पाणबुड्याला उत्तर लिहायला बसलो आणि पाच कागद फाडले.

“माफी नंतर मागा हो,” नात म्हणाली. “आधी आकडे लिहा.”

आकडे लिहिले, वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली. मग लिहिलं: ‘पाणी तुम्ही म्हणालात तसंच होतं. ती ओढ एका माणसाच्या हातांना पेलणारी नव्हती. चूक माझ्या तक्त्याची. आईंना हे वाचून दाखवा.’

पत्ता तोच असेल का, आई असतील का, ठाऊक नाही. टपालपेटीपाशी मी नेहमीसारखा घुटमळलो. मग पाकीट आत टाकलं.