तोलकाट्यावर मालक

आमची कंपनी किहीमला, नारळाच्या वाडीतल्या एका कौलारू कॉटेजात आहे. तिथे बसून आम्ही लोकांना त्यांच्या धंद्याची किंमत सांगतो. म्हणजे सांगतं आमचं सॉफ्टवेअर, तोलकाटा. धंदा विकावा, वाढवावा की गुंडाळावा, याचाही सल्ला देतं. हे सगळं माझ्या नवऱ्याच्या, प्रज्योतच्या डोक्यातून आलं. घरी बटाटा की वांगं, हे मात्र त्याला आजवर ठरवता आलेलं नाही.

तोलकाट्यात एक प्रश्न आहे: कोण नसेल तर तुमचा धंदा थांबेल? हा प्रश्न प्रज्योतचा लाडका. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणाऱ्या हिरामणशेठने तिथे ऐटीत स्वतःचं नाव लिहिलं. तोलकाट्याने तिथल्या तिथे किंमत एक तृतीयांश कापली.

"अरे, माझ्याबिगर पान हलत न्हाय, म्हनून तर धंदा हाय!" शेठ फोनवर कडाडले.

"म्हणूनच, शेठ. उद्या तुम्ही आजारी पडलात तर घेणाऱ्याने काय नुसती पानं बघत बसायची?" प्रज्योतने समजावलं आणि फोन ठेवून पोट धरून हसला.

मग पुण्याची एक कंपनी आम्हालाच विकत घ्यायला निघाली. अट एकच. आमच्याच सॉफ्टवेअरने आमची किंमत काढून दाखवा.

मला मनापासून विकायचं होतं. ग्राहकांची भांडणं मी सोडवते, पोरांचे पगार मी करते, कर भरते, इंटरनेटवाल्याच्या हातापाया पडते. कंपनीत माझं नाव मात्र फक्त वीजबिलावर. अशा ठिकाणी जीव कशाला अडकवायचा?

प्रज्योतने माहिती भरली. त्या लाडक्या प्रश्नापुढे आडनावासकट स्वतःचं नाव टाकलं. किंमत एक तृतीयांश गळाली. या पठ्ठ्याला वाटलं, प्रोग्रॅममध्ये गडबड आहे. जेवणखाण सोडून ती शोधत बसला. माझं नाव त्याला सुचलंसुद्धा नाही, अपमान तर माझा झाला होता, पण ते त्याच्या गावीही नव्हतं.

"खाली सल्ला लिहिलाय तो वाच," मी म्हटलं.

सल्ला त्यानेच कधीतरी लिहून ठेवलेला होता: मालकाने पंधरा दिवस सुट्टीवर जावे आणि काय थांबते ते पाहावे.

मी त्याला दिवेआगरला माझ्या माहेरी पाठवून दिलं. आधी तासातासाला फोन यायचे. मग माझ्या आईने, नीराबाईने, त्याला सुपाऱ्या सोलायला बसवलं आणि फोन बंद झाले. "जावईबापू चांगले हायेत गो, पन हातात काम नसलं की लय बोलतात," असं तिचं मत पडलं.

इकडे सगळं सुरळीत. थांबली ती फक्त स्कूटर, कारण चावी तो खिशात घालून गेला होता.

परत आला तो काळा पडून आणि गप्प होऊन. मी म्हटलं, "आता लिही, कोणीच नाही. किंमत पूर्ण येईल."  मग काहीतरी टाईप करून त्याने अहवाल पाठवून दिला, मला न दाखवता.

संध्याकाळी पुण्याच्या त्या कंपनीतून राहुलसरांचा फोन आला. "मॅडम, काही चुकलंय का? किंमत आमच्या अंदाजापेक्षा एक तृतीयांश कमी आलीय."

मी अहवाल उघडला. प्रश्नापुढे माझं नाव होतं. नुसतं नाव, मृणाली.

फोनवर हात ठेवून मी ओरडले, "अक्कल गहाण टाकलीस का?"

"मी नव्हतो तर काही थांबलं नाही," तो खाली बघत म्हणाला. "मागे तू आजारी होतीस तेव्हा पगारसुद्धा झाले नव्हते. मग खोटं कसं लिहू? आपण याच धंद्यात आहोत ना?"

मला त्याचा इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं, की दोन्ही एकदम कुठे ठेवावं ते कळेना. लग्नात एवढं बरं वाटलं नव्हतं.

मी हात काढला. "राहुलसर, आकडा बरोबर आहे."

"मग त्या किमतीला पक्कं करू या?"

"नाही. एवढ्यात मी नाही विकणार."

प्रज्योतने मान वर केली. त्याला विचारायचं राहून गेलं होतं, आणि ते त्याच्याही लक्षात आलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. सल्ला दोन्ही मालकांना लागू होता. "पंधरा दिवस," मी त्याला सांगितलं, स्कूटरची चावी टेबलावर ठेवली आणि दिवेआगरला निघाले.

एसटी रेवदंड्याला पोचायच्या आत त्याचे फोन यायला लागले. मी खिडकीतून खाडी बघत बसले.