बाहेरची कडी

“नवी नवरी हाय. ती काय तोंड उघडतेय? नाताळाआधी काढू त्यांना.”

हे मैत्रीने ऐकायचं नव्हतं. पण केसरकाकूंचा आवाज नारळाची वाडी ओलांडून जातो, आणि मैत्री तर दाराच्या आतच भाकरी थापत होती. मीही ऐकलं. मी त्याच दाराची बाहेरची कडी.

माझी जुळी बहीण दाराच्या आतल्या बाजूला आहे. अलिबागच्या दुकानातून आम्ही एकाच पुडक्यात किहीमला आलो. काकूंच्या नवऱ्याने, सदाशेठने, घरामागे भाड्याची खोली बांधली आणि आम्हाला ठोकलं. बहिणीचं नशीब चांगलं. राहणारा माणूस तिला लावून निर्धास्त झोपतो. माझ्या वाट्याला कुलूप. ज्याचं असेल त्याचं.

इथली एक रीत आहे. भाडेकरार अकरा महिन्यांचा. तो संपला की भाडेकरूने दोन दिवस बाहेर जायचं, शेठ माझ्यावर आपलं कुलूप घालणार, मग नवा कागद. ‘सलग राहिलो’ असं उद्या कुणी कोर्टात म्हणायला नको. आधीची भाडेकरू भागुबाई सहा वर्षं अशी जात-येत राहिली. ते दोन दिवस देवळाच्या ओट्यावर काढायची. सातव्या खेपेला शेठचं कुलूप निघालंच नाही. तिने मला हलवून पाहिलं, जणू दोष माझ्या गंजाचा होता.

मग मैत्री आणि रत्नपाल आले. लग्नाच्या हळदीचा रंगही उतरला नव्हता. रत्नपाल मांडव्याच्या जेटीवर तिकिटं फाडतो, मैत्री घरी ब्लाऊज शिवते. बोलते कमी, बघते फार. करार मे महिन्यापर्यंतचा. सह्या झाल्या, कागद मात्र शेठच्या कपाटात.

डिसेंबरात शेठ म्हणाले, “रत्नपाल, दोन दिस सासुरवाडीला उरणला जाऊन ये. खोलीला रंग काढतो.”

मैत्रीने ऐकलेलं नवऱ्याला सांगितलं. करार संपायला अजून पाच महिने होते, तरी तो म्हणाला, “अगं, दोन दिवस बाहेर जायची इथं रीतच आहे. सगळेच जातात.” रीतीची हीच तर गंमत. माणूस आपल्याच पायांनी बाहेर पडतो, आणि आपल्याला काढलंय हे त्याला कळतही नाही.

परतले तेव्हा रंग जुनाच होता. सामान नारळाखाली, वर निळं प्लास्टिक. शिलाई मशीन, पिठाचा डबा, लग्नातला फोटो पालथा. माझ्यावर नवंकोरं पितळी कुलूप.

“समजून घे, बाय,” काकू म्हणाल्या. “सीझनचे पाहुने हायत. जूनात ये, पावसाळ्यात खोली मोकलीच असते.”

रत्नपाल पोलिसांकडे जाऊन आला. “करार दाखव,” म्हणाले. करार कपाटात.

कायदा असतो म्हणे. पण तो तालुक्याला असतो आणि मी दारावर. माझं मागणं मोठं नाही. कराराची एक प्रत राहणाऱ्याच्या हाती हवीच. मुदतीत मालकाचं कुलूप पडलं, तर ते त्याच दिवशी काढायला लावणारं कुणी हवं. आणि अकरा महिन्यांची ही येजा थांबायला हवी. मी पडले लोखंड. कुठल्याच कुलपाला मला नाही म्हणता येत नाही.

संध्याकाळी बोटीचे पाहुणे चाकांच्या बॅगा ओढत आले. काकू हसत चावी घेऊन पुढे झाल्या. मैत्री उंबऱ्यावर बसली होती, ती उठली नाही. चावीकडे बघत, पाहुण्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“काकू, प्लास्टिकखाली आहे तो माझा संसार. मेपर्यंत खोलीही माझी. तुमचं आहे ते फक्त हे कुलूप. तेवढं काढा आणि घेऊन जा.”