पावलं पोचेपर्यंत

घोट्यांना गार वारा लागला आणि तिला कळलं, पुढचं दार पुन्हा उघडलंय.

ट्रेडमिलचं बटण दाबून ती उतरली, तरी पाय आपले पुढेपुढेच जात होते. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या, अनवाणी, अंधारात डोळे रुतवून.

"आई, आत या बरं. गारठाल."

"अगं, येतोय तो. धावत येतोय. ऐकलं नाहीस?"

"मीच होते ती. मशीनवर."

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चल, काहीतरीच. तुझे पाय केवढे, त्याचे केवढे."

सासरे विजेच्या तारांवर काम करायचे. तारा तुटायच्या त्या नेमक्या हिवाळ्यात, आणि काम आटोपलं की हा गडी थंडीला हुलकावणी देत कोपऱ्यापासून घरापर्यंत पळत सुटायचा. त्याने दार वाजवायच्या आत पावलं ओळखून कडी काढायची, हा नवराबायकोचा जन्मभराचा खेळ. त्यांना जाऊन वर्षं लोटली होती. सासूबाईंना ते कधी आठवायचं, कधी नाही. कान मात्र काहीच विसरले नव्हते.

आणि हिला तर पळायचंच होतं. दिवसभर इस्पितळात लोकांच्या शिरा शोधून रक्त काढायचं, घरी येऊन चुलीला लागायचं, यात तिने थंडी सरल्यावरच्या शर्यतीत नाव घातलं होतं. जिंकण्याचं खूळ नव्हतं. मध्ये न थांबता शेवटपर्यंत जायचं, बस्स. लेक झाल्यापासून तिने एकही गोष्ट सलग केली नव्हती. आंघोळ नाही, चहा नाही, रडणंसुद्धा नाही. बाहेर रस्ते निसरडे, म्हणून वॉर्डातल्या सिस्टरकडे कपडे वाळत घालायच्या कामाला लागलेली ट्रेडमिल तिने उचलून आणली आणि मागच्या खोलीत टाकली.

पावलांचा आवाज दबावा म्हणून मशीनखाली सतरंजी घालून झाली. अनवाणी पळून झालं, त्यात फोड तेवढे आले. कडीला कुलूप घातलं, तर सासूबाई दारावर मुठी आपटू लागल्या, "तो बाहेर कुडकुडतोय, आणि तुम्ही खुशाल कुलपं लावताय?" त्या हुंदक्यांवर पाय टाकत पळणं काही तिला जमेना. कुलूप निघालं.

मग एका संध्याकाळी वारा घोट्यांना लागला तेव्हा पायरी रिकामी होती. सासूबाई फाटकाबाहेर, पार वळणापर्यंत गेल्या होत्या. शेजारीणबाईंनी हाताला धरून परत आणलं.

नवरा हीटर दुरुस्त करायचा. हिवाळा म्हणजे त्याची सुगी, घरी यायला उशीर ठरलेला. जेवताना त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ते मशीन काढ आता घरातून."

"शर्यत होईपर्यंत राहू दे."

"आई गाडीखाली आली असती म्हणजे? काय मिळवायचंय तुला एवढं? जागच्या जागी तर पळतेस."

तिने ताटं उचलली. भांडी घासली, आणि एरवीपेक्षा जरा जोरातच घासली.

दुसऱ्या दिवशी तिने सासूबाईंची खुर्ची मशीनशेजारीच मांडली. लेक खाली चित्रं रंगवत होती.

"कुठे निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठे नाही, आई."

"मग एवढी घाई कसली?"

थोडा वेळ बरा गेला. नजर पायांवर, हात मांडीवर. मग हात चुळबुळू लागले.

"काय झालं असेल गं त्याला?" सासूबाई दाराकडे बघत म्हणाल्या. "रोज पळतो, रोज पळतो, आणि घर काही येत नाही त्याचं."

"आई पण कधीच पोचत नाही," लेकीने मान वर न करता सांगून टाकलं.

तिने पट्टा थांबवला. घामेजल्या अंगाने मागचं दार उघडलं, घराला वळसा घातला. अंगणात थंडी दातात घुसत होती. पुढच्या बाजूला आल्यावर ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि तिथून घराकडे पळत सुटली. पाय मुद्दाम आपटत.

तिने दार वाजवायच्या आत कडी निघाली.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू आधीच येऊन बसलेलं होतं. ते तसंच थोडा वेळ राहिलं. मग त्यांनी तिच्या कपाळावरच्या ओल्या बटा पाहिल्या, बूट पाहिले, तिच्या खांद्यावरून मागचा रस्ता पाहिला.

"इतके दिवस तूच होतीस होय?"

"हो, आई. मीच."

"आणि तो?"

सासूबाईंनीच अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यांवर टाकली, पदराने तिचा गळा पुसला.

"बरं. ये आत," त्या म्हणाल्या, "वाफ निघतेय नुसती अंगातून." आणि कडी त्यांनी आपल्या हाताने लावली.

रविवारी तिचा शर्यतीआधीचा सर्वांत लांब सराव होता. सासूबाई पुढच्या खोलीत धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसल्या होत्या. मधलं दार उघडं होतं, त्यातून त्यांची पाठ दिसत होती. खुर्ची त्यांनी स्वतःच पुढच्या दारापासून भिंतीकडे फिरवून घेतली होती.

पट्टा सुरू झाला. पावलं वाजू लागली, तशी ती पाठ जराशी ताठ झाली. मग पुन्हा मोज्यांवर वाकली.

कोणी हाक मारली नाही. कोणी उठलं नाही. दम लागला, गेला, पुन्हा लागला. शेवटचा टप्पा आला तेव्हा लेक दारात येऊन उभी राहिली.

"आई, आज पोचणार तू?"

तिने मान डोलावली. पाय सरळ पडत होते, श्वास तालात होता. हवं ते सगळं जागच्या जागी होतं. तरी शेवटपर्यंत तिचं सगळं लक्ष घोट्यांकडे लागून राहिलं. वारा काही आला नाही.