कंजूष दिराचं अंगण

आमच्या घोडीला हिरवं गवत म्हणजे विष. चार घास जास्त झाले की खूर आतून सुजतात आणि तिला पाय टेकवत नाही. माझ्या कंबरेनं दगा दिला, म्हणून मी तिच्यासाठी घर शोधत होते. येणारा प्रत्येक जण मोठ्या हौसेनं सांगायचा, "आमचं एवढं मोठं कुरण आहे, चरू दे मनसोक्त." सगळ्यांना मी वाटेला लावलं.

शेवटी धाकट्या दिराकडे दिली. हा एक नंबरचा कंजूष, पाहुण्याला चहासुद्धा अर्धाच कप देणारा. अंगणात नुसती फरशी. म्हटलं, हाच बरा, वाळका चाराही हात आखडून घालेल.

काल त्याचा फोन आला. "वहिनी, घोडी उठतच नाही हो."

"भाऊजी, काय घातलंत तिला?"

"रोज कुंपणापलीकडचं गवत बघत उभी असायची. मला बघवेना. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय? गाडीभर ओला चारा आणला. पोटभर खाल्ला हो बिचारीनं."

जन्मात पहिल्यांदा या माणसानं हात सैल सोडला, तोही नेमका माझ्या घोडीसाठी.