कान उत्तम आहेत

तांदळाच्या दाण्याएवढं कानाच्या मॉडेलमधलं ते प्लास्टिकचं हाड डॉक्टरांच्या बोटावर होतं... खरं तर याहूनही लहान असतं, ते म्हणाले. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला दवाखाना. नवऱ्याला, हरिचंद्रला, कानाचं मशीन बसवायचं म्हणून मालिनीनं कुळगावहून ओढूनच आणलं होतं.

"देखो भाभी, आवाज पडद्यावर आपटतो, ही तीन हाडं हलतात, मग आतल्या शंखातलं पाणी. तिथं केसासारख्या पेशी डोलतात, वीज होते, नसेतून मेंदूत जाते. साहेबांचं सगळं फर्स्ट क्लास. मेंदूपर्यंत पोचतं. पुढं काय ऐकायचं, काय सोडायचं, ते मेंदू बघतो!"

डॉक्टर हसले. हरिचंद्रही हसला.

सगळं पोचतं — म्हणजे त्या दुपारीही पोचलं होतं. पाचवा महिना, मोरीतली बुळबुळीत फरशी, पाय सटकला, आणि ती पडल्यापडल्या ओरडत राहिली, अहो... अहो... पलीकडच्या खोलीत हा पेपर वाचत होता. धावत आली ती शेजारची बनूबाई, जिला धड ऐकू येत नव्हतं ती! "ऐकूच आलं नाही गं," नंतर तो म्हणाला, आणि तिनं — तिनंच — ते खरं मानलं, पोर गेल्याचं दुःख गिळून सासरी-माहेरी सांगत सुटली, की मोरिवलीच्या कंपनीत दिवसभर मशीनचा धडधडाट, कान गेले बिचाऱ्याचे. बिचारा! तेव्हापासून भाजी काय करू हेसुद्धा ती ओरडून विचारत आली. घसा घोगरा झाला, बिल्डिंगभर कजाग म्हणून नाव झालं, आणि हा मान खाली घालून जेवत राहिला.

बाहेर रिक्षांचा गोंगाट. त्याच्या खिशात मोबाइल किणकिणला, पहिल्याच रिंगला त्यानं उचलला. आता भर रस्त्यात ती ओरडणार —

पण तोंड उघडलं तेव्हा आवाज अगदी खालच्या पट्टीत निघाला. "त्या दुपारी तुम्हांला ऐकू आलं होतं."

मोबाइल कानावरून खाली आला.

"मला वाटलं..." तो चाचरला, "नेहमीसारखीच हाक मारतेयस."

नेहमीसारखीच.

ती चालू लागली. मघाचा तो आवाज — मऊ, जरासा अनोळखी — आपलाच होता, किती वर्षांनी ऐकला आपण. राग तसाच होता. पण घशातून उतरून तो आत कुठंतरी खोल, स्वस्थ बसला होता, आणि तिला आता कसलीच घाई नव्हती.