बारा घोडेमासे आणि बाकीचे

धाकटीच्या नावाचं क्लिअरिंग एजंटचं लायसन्स टपालाने आलं तेव्हा भाऊजींनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, मागची बाजू कोरी होती तरी वाचली, आणि म्हणाले, "छान आहे. फ्रेम करून घे." लायसन्स वापरायचंही असतं, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी सुचली नाही.

भाऊजी म्हणजे तिचे थोरले दीर. धंदा क्लिअरिंग एजंटचा. परदेशातून माल मागवणारे लोक कागदांची चळत घेऊन त्यांच्याकडे येत आणि भाऊजी त्यांच्या वतीने कस्टमकडे घोषणापत्र भरत: माल काय, किती, कुठून आला, आणि त्याला लागणारे परवाने-दाखले कोणते. भरत म्हणजे सही करत. भरायची ती धाकटी. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून टायपिंग तिचं आणि सही भाऊजींची अशी वाटणी होती, आणि ती कोणी केली हे आता कोणालाच आठवत नव्हतं.

भाऊजींची कामाची रीत सरळ होती. नवा माल आला की तसल्याच मालाचं जुनं घोषणापत्र काढायचं, तारीख आणि आकडे बदलायचे आणि पाठवून द्यायचं. परवान्याच्या रकान्यात घोडं अडलं तर "लागू नाही" हा पर्याय निवडायचा. हे त्यांचं सर्व रोगांवरचं औषध होतं. "कस्टमने विचारलं तेवढं सांगावं, नाही विचारलं तर पाणी पिऊन गप्प बसावं," असं ते म्हणत, आणि आजवर त्यांचं निभावलं होतं. धाकटीला ते पटत नसे. पण सही तिची नव्हती. ज्याची सही त्याचं पाप, असं मनाशी म्हणून ती टाइप करत राही.

परीक्षा तिने घरात सांगूनच दिली होती, पण ती पास होईल असं कोणी धरलं नव्हतं. ती पास झाली. आता पहिलं वर्ष कसोटीचं होतं. लायसन्सवर एक शेरा पडला तर निभावतं, दुसरा पडला की लायसन्स गेलं, आणि शेरा फार वाईट असेल तर पहिल्यातच गेलं. मग धाकटी पुन्हा भाऊजींच्या सहीखाली. तिला ते नको होतं. अगदी जिवावर आल्यासारखं नको होतं.

तिच्या वाट्याला पहिलं गिऱ्हाईक आलं ते मत्स्यालयवाले. कारण एवढंच, की जिवंत माल म्हटला की भाऊजींच्या कपाळाला आठी पडे. मत्स्यालयवाल्यांनी परदेशातून बारा घोडेमासे मागवले होते. घोडामासा म्हणजे बोटभर लांबीचा, घोड्याच्या तोंडाचा आणि पाण्यात उभ्यानेच पोहणारा प्राणी. तो जगातून संपू नये म्हणून सरकारं त्याला जपतात, त्यामुळे एकेका नगाला परवाना लागतो. परवाना होता, बारा नगांचा. पाठवणाऱ्या देशाचा आरोग्याचा दाखलाही होता. धाकटीने दोन्हींचे नंबर तपासले, परवान्यातून किती नग वजा करायचे तिथे बारा लिहिलं, "मूळ प्रत जोडली आहे" हा पर्याय निवडला, आणि पाठवायच्या आधी माल डोळ्यांनी बघावा म्हणून विमानतळाच्या गोदामात गेली. भाऊजी माल बघायला कधी जात नसत. बघितलं की शंका येतात, असं त्यांचं मत होतं.

गोदामात मत्स्यालयवाले थर्मोकोलच्या खोक्याशेजारी उकिडवे बसले होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. त्यांनी टॉर्चला लाल कागद गुंडाळला होता, कारण एकदम उजेड पडला तर मासे दगावतात. एकेका पिशवीत एकेक मासा होता. सहा पिशव्या ठीक निघाल्या. सातव्या पिशवीतलं पाणी कोणीतरी पांढरा दोरा बारीक कातरून टाकल्यासारखं दिसत होतं. धाकटीने वाकून पाहिलं. ते तुकडे उभे होते, आणि हलत होते.

"बाळंत झाला," मत्स्यालयवाले म्हणाले.

"हा नर आहे ना?"

"हो. यांच्यात पोट बापाला येतं. विमानात झालेला दिसतोय."

धाकटीने त्या बापाकडे पाहिलं. पिशवीच्या कोपऱ्यात शेपटी गुंडाळून तो कोणाशी काही संबंध नसल्यासारखा उभा होता. तिला स्वतःला दोन मुलं होती. ती अवस्था तिच्या ओळखीची होती.

"किती असतील?"

"दोनशे, सव्वादोनशे. पण आजच टाकीत गेले पाहिजेत. पिल्लांना जन्मल्यापासून सारखं खायला लागतं. संध्याकाळपर्यंत इथेच राहिले तर एकही उरायचा नाही."

"परवाना बाराचा आहे."

"तिथून निघाले तेव्हा बाराच होते हो," मत्स्यालयवाले म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. बारा लिहिलंत तर मी काही बोलणार नाही. आणि हे तर बोलणारच नाहीत."

धाकटीने लाल उजेडातच पिशवीचा फोटो काढला आणि ऑफिसला आली.

ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि कागद तिरका ओढणारा प्रिंटर. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं.

"बाप कसा बाळंत होईल?" ते म्हणाले.

"झालाय."

"बिलात आहेत का ती पिल्लं?"

"नाहीत."

"बिलात नाहीत म्हणजे आयात नाहीत. वरातीमागून आलेली घोडी आहेत ती, वरातीत मोजत नाहीत. बारा लिही आणि जेवून घे."

"आणि कस्टमच्या साहेबांनी खोकं उघडलं तर?"

"उजेडाने मासे मरतात म्हणून ते उघडतच नाहीत. अगं, पहिलंच घोषणापत्र आहे तुझं. कशाला आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेस? मनाला फारच टोचत असेल तर खाली एक वेगळी ओळ टाक आणि लाव 'लागू नाही'."

"लागू आहे, भाऊजी."

यावर भाऊजी पाणी प्यायले.

धाकटीने फोटो मोठा करून छापला आणि पेनने एकेका पिल्लावर ठिपका देत मोजायला बसली. भाऊजी आधी वर्तमानपत्र वाचत होते. मग वर्तमानपत्रावरून बघत होते. मग त्यांनी दुसरी प्रत छापून घेतली. तिचे दोनशे अठ्ठावीस झाले, त्यांचे दोनशे एकतीस. तिने तिचे पुन्हा मोजले, तेव्हा शेपटीआड लपलेली तीन सापडली.

"जे लिहायचंच नाही ते मी कशाला मोजतोय?" भाऊजींनी विचारलं. ते तिलाच विचारत होते असं नाही.

तिने वेगळी ओळ टाकली. घोडेमासे, पिल्लं, प्रवासात जन्मलेली, दोनशे एकतीस नग. परवान्याच्या रकान्यात पर्यायांची यादी उघडली. मूळ प्रत जोडली आहे. मूळ प्रत आधीच कस्टमकडे आहे. परवान्यातली संख्या संपली आहे. लागू नाही. आणि सगळ्यात खाली, एकदा सरकवल्याशिवाय दिसतही नाही असा शेवटचा: "आवश्यक आहे, आयातदाराकडे नाही". हा पर्याय कोणी आणि कशासाठी ठेवला होता कोण जाणे. तो निवडणारा माणूस या धंद्यात अजून जन्माला आलेला नव्हता, कारण स्वतःच्या चोरीची वर्दी चोर देत नसतो.

धाकटीला भीती वाटत होती. तिने तो निवडला, शेऱ्याच्या जागी "फोटोवरून दोघांनी मोजले" असं लिहिलं आणि आपल्या नावाने पाठवून दिलं.

चहा यायच्या आधी कस्टमच्या साहेबांचा फोन आला. या.

साहेब शांत माणूस होते. कोणावर ओरडत नसत, त्यामुळे लोक त्यांना जास्त घाबरत. धाकटी समोर बसली, मत्स्यालयवाले बाकड्यावर. साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर फक्त "पुढील सूचना पाहा" एवढंच होतं.

"तुम्ही निवडलेला पर्याय," साहेब म्हणाले, "मी पहिल्यांदाच पाहतोय. पुढील सूचना कुठे आहेत ते इथे कोणाला माहीत नाही."

"माझ्याकडून काही चुकलंय का?"

"तेच शोधतोय." त्यांनी कागद उचलला. "जन्म विमानात. मग मूळ देश कोणता?"

"आईबाप जिथले तोच धरलाय."

"आई कुठे आहे?"

"तिकडेच राहिली."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला. दोनशे एकतीस, बाप, हो, बापच, असं बराच वेळ चाललं होतं. बाकड्यावर मत्स्यालयवाले घड्याळाकडे बघत होते आणि त्यांच्याकडे धाकटीला बघवत नव्हतं.

फोन ठेवून साहेब म्हणाले, "बारा सोडतो. बाकीचे विनापरवाना आहेत, ते जप्त करावे लागतील. जप्त केलेले जिवंत प्राणी सरकारमान्य ठिकाणी ठेवायचे असतात." त्यांनी कपाटातून यादी काढली, घोड्यांची पागा, पक्ष्यांचं घर वगैरे ओलांडून बोट खाली आणलं. "समुद्री प्राणी. एकच ठिकाण आहे." त्यांनी मान वर करून मत्स्यालयवाल्यांकडे पाहिलं. "तुम्हीच."

मत्स्यालयवाले उठून उभे राहिले.

"सरकारची पिल्लं आहेत ही. विकायची नाहीत, लोकांना दाखवायची नाहीत. मेली तर कळवायचं."

"मरतात हो पुष्कळ," मत्स्यालयवाले म्हणाले.

"पुष्कळ कळवा."

मत्स्यालयवाल्यांनी इतक्या घाईने सही केली की पेन घेऊनच गेले. खालच्या गाडीत धाकटीचा नवरा बसला होता. तो भाऊजींकडेच गाडी चालवत असे. खोकं सीटवर मधे ठेवून तो आयुष्यात कधी चालवली नव्हती इतकी हळू गाडी घेऊन निघाला.

धाकटी उठली नाही. तिचं अजून व्हायचं होतं.

"आता तुमचं," साहेब म्हणाले. "विनापरवाना माल आला की एजंटच्या नावावर शेरा पडतो. कोणी आपण होऊन सांगितलं तर पडत नाही असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधलं."

"म्हणजे एक शेरा."

"एक. दुसरा पडू देऊ नका." ते लिहायला लागले आणि लिहिता लिहिता थांबले. "बारा लिहिलं असतंत तर मी खोकं उघडलं नसतं. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

धाकटीने उत्तराची तयारी केली नव्हती. "लायसन्स माझं आहे," ती म्हणाली. "आधी सही भाऊजींची असायची."

साहेबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग शेरा पुरा करून त्यांनी शिक्का मारला.

जिन्यात तिला रडू आलं. पहिलंच काम, आणि पहिल्याच पानावर डाग. भाऊजी काय म्हणतील ते तिला पाठ होतं आणि ते तेच म्हणाले, पण दोन वाक्यं कमी. रात्रीच्या जेवणापर्यंत नवऱ्याने खबर आणली की पिल्लं खायला लागली आहेत. तिला बरं वाटलं. शेरा मात्र होता तिथेच होता.

त्यानंतर ती कामाला आणखी घट्ट झाली. एकच जीव उरलेल्या माणसासारखी ती कागद वाचायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण तिचा माल सरळ सुटायचा. साहेब तिच्या नावाचं घोषणापत्र बघत, शिक्का मारत आणि पुढचं ओढत.

भाऊजींचं मात्र नशीब फिरलं. त्यांची खोकी उघडायला लागली. आधी एखादं, मग रोज. टाइल्स मोजल्या, बॉयलरचे पाइप मोजले, एकदा तर बटणं मोजली. "साहेबाच्या अंगात काय संचारलंय?" ते विचारत. धाकटी खाली मान घालून काम करी. साहेबांच्या टेबलासमोर भाऊजींच्या सहीबद्दल आपण काय बोलून बसलो ते तिला पहिलं खोकं उघडलं त्याच दिवशी कळलं होतं. बोललेलं खोटं नव्हतं. तरी तिला झोप लागली नव्हती.

एके दुपारी भाऊजी आपल्या टेबलावरून उठले आणि फाइल घेऊन तिच्या टेबलापाशी आले. अंतर चार हातांचं होतं, पण या दिशेने ते कधी आलेले नव्हते.

"यावर तू सही कर," ते म्हणाले. "माझ्या सहीवर आठवडा जातो."

मशीनचे सुटे भाग होते. तिने सगळं वाचलं. भाऊजी उभे होते. बसा म्हणायला हवं हे तिला कळत होतं, पण ती वाचत होती.

"खोकी कशाची आहेत?"

"लाकडाची असतील."

"लाकडाला कीड मारल्याचा दाखला लागतो. इथे 'लागू नाही' आहे."

"मागच्या वेळी पुठ्ठ्याची होती. त्यावरूनच घेतलंय. लाकूड काय, नुसतं खोकं आहे ते. माल थोडाच आहे?"

"माझी सही नाही होणार, भाऊजी."

थोरल्या दिराला तिने या घरात कशालाच कधी नाही म्हटलेलं नव्हतं. भाऊजींनी फाइल उचलली, उघडली, त्या रकान्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं, आणि ती पुन्हा तिच्यासमोर ठेवली.

"मग काय लिहू?" त्यांनी विचारलं.

धाकटीने शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि पर्यायांची यादी उघडली.