शेठने अक्षत दिली नाही

गव्हाणच्या धनेशने वयाच्या सव्विसाव्या वर्षी बी.ए.ला नाव घातलं, तेही इंग्रजी घेऊन, तेव्हा गावात दोन मतं पडली. एक मत असं, की पोराला निवडणूक लढवायची असणार. दुसरं असं, की पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. खरं कारण तिसरंच होतं आणि ते विचुंब्याला राहत होतं.

त्या कारणाचं नाव अनुष्का. पनवेलच्या शाळेत दोघं दहावीपर्यंत एका वर्गात होती. ती पुढे एम.ए. झाली आणि कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली. धनेश बारावीनंतर डंपरच्या मागे लागला. विमानतळात घरची जमीन गेली, बदल्यात भूखंड आला, दोनाचे नऊ डंपर झाले, तीन मजली बंगला उभा राहिला. बंगल्यावर कळस म्हणून सिमेंटचं विमानसुद्धा बसवलं. एवढं सगळं झालं, पण दहावीत मराठीच्या तासाला खिडकीशी बसणारी मुलगी काही डोक्यातून गेली नाही. नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांच्या शेवटच्या वर्षाला शनिवार-रविवारी तीच शिकवते असं कळलं, तेव्हा हा बहाद्दर पहिली दोन वर्षं नुसता तिथवर पोचायला पास झाला. प्रेमात माणसं काय काय करतात, पण व्याकरण करणारी थोडीच.

पहिल्या दिवशी तिने हजेरी घेतली. "धनेश" म्हणून वाचलं, वर पाहिलं, आणि पुढचं नाव घेतलं. ओळखीचं हसूसुद्धा नाही. मग म्हणाली, "माझ्या नात्यातलं वर्गात कोणी असेल तर आत्ताच सांगा. घरच्या माणसाचा पेपर आपण तपासायचा नसतो, असा नियम आहे."

"मॅडम, आम्ही नात्यात असतो तर मागच्या बाकावर बसलो असतो का?" कुबरा म्हणाली. कुबरा म्हणजे पनवेलात शिवणाचं दुकान चालवणारी, दोन पोरांची आई. नवरा कतारला. सगळा वर्ग हसला, धनेश सोडून.

त्या वर्षी एक अमेरिकन कादंबरी लावलेली होती. शंभर वर्षं जुनी. एक गरीब पोरगा अफाट श्रीमंत होतो, खाडीच्या काठावर मोठा थोरला महाल घेतो, आणि दर शनिवारी साऱ्या दुनियेला जेवायला घालतो. कशासाठी, तर खाडीपलीकडे राहणारी त्याची जुनी मैत्रीण एखाद्या शनिवारी सहज येईल म्हणून. ती मोठ्या घरची, लग्न झालेली. नायकाचं नाव धनेशच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने त्याला शेठ म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळा वर्ग शेठ म्हणायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तासाच्या भरात मॅडमच्या तोंडूनही "शेठ" निघून गेलं आणि त्यांनी पटकन खडू शोधल्यासारखं केलं.

धनेशला ती कादंबरी वाचताना घाम फुटायचा. इंग्रजीमुळे फुटायचा तो वेगळा. हा फुटायचा तो अशासाठी, की शेठ जे जे करत होता ते ते त्याने स्वतः केलेलं होतं. बंगल्याच्या वास्तुशांतीला त्याने मॅडमही असलेल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, "सर्वांनी यायचं हां!" सगळे आले. कुबरा पोरांना घेऊन आली, वर डबा भरून घेऊन गेली. अनुष्का आली नाही. भावाच्या हळदीला तेच. चौदाशे माणूस जेवलं, कोण कुठलं तेही ठाऊक नाही. एक तर चुकून दुसऱ्या हळदीचा पाहुणा होता, तो आहेर देऊन गेला. अनुष्का आली नाही. शेठच्या मधे निदान खाडी होती, पलीकडचं दिसत तरी होतं. गव्हाण आणि विचुंब्याच्या मधे अख्खा विमानतळ.

आता बहिणीची, निशाची हळद तेवढी उरली होती. गुरुवारी. त्यानंतर घरात लग्नाचं कोणी नाही, असलाच तर तो स्वतः. आणि वर्गही महिनाअखेर संपणार. म्हणजे या हळदीला ती आली नाही, तर पुन्हा बोलवायला ना निमित्त उरणार, ना तोंड.

त्यात निबंधाने घात केला. विषय होता, कादंबरीचा नायक का हरला? धनेशने गाइडातून सुबक अक्षरात आठ पानं उतरवली. त्यात भांडवलशाही होती, स्वप्नभंग होता, आणखी एक शब्द होता तो त्याला उच्चारताही येत नव्हता. रविवारी तिने वही परत दिली. "हे तुमचं नाही, गाइडचं आहे. तुम्हाला काय वाटलं ते लिहा. मंगळवारी शेवटची तारीख."

तोंड पाडून तो घरी आला तर जनी आत्या ओटीवर तांदूळ घेऊन बसली होती. जनी आत्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाणारी ही बाई नसेल तर लग्न लागलं असं कोणी मानत नाही. धवला सुरू झाला की डीजे बंद, ही तिची अट, आणि ती मोडायची हिंमत आमदाराच्या पोरातही नव्हती. परातीत तांदूळ हळद-कुंकवात कालवून ती अक्षतांच्या पुड्या बांधत होती.

"काय रं, तोंड का सुकलं तुजा?"

"शेठ का हरला ते लिवायचं हाय, आत्या."

"कंचा शेठ? उलव्याचा?"

मग त्याने तिला सगळी कादंबरी सांगितली. आत्याने पुड्या बांधत बांधत ऐकली. महाल ऐकला, गाणीबजावणी ऐकली, बिनबोलावता येणारी माणसं ऐकली. तिला कशाचंच नवल वाटलं नाही.

"म्हंजे दर शनवारी हलद. बरं. मंग तिला अक्षत कोनी दिली?"

"अक्षत?"

"आवतन रं. तिच्या दारान कोन गेला?"

"कोन नाय. त्याला वाटलं, येल आपली."

आत्याचा हात थांबला. "येल आपली? मी धवल्यान देवांना बोलवतंय, तर एकेका देवाचं नाव घेतंय. गावदेवीचं वेगलं, खंडोबाचं वेगलं. देव पन नाव घेतल्याबिगर नाय येत, आन ही बाय येल?"

"शेवटी बोलावलं त्याने. शेजाऱ्याच्या घरी चहाला. शेजाऱ्याच्या हातून."

"शेजाऱ्याला धाडला? सोता नाय गेला?" आत्याने कपाळावर हात मारला, तिथे पिवळी बोटं उमटली. "एवढा पैका, आन पाय नाय उचलला. मंग हरंल नाय तर काय."

 धनेशच्या मोबाइलवर, वर्गाच्या ग्रुपवर, सकाळीच टाकलेला मेसेज होता. निशाची हळद, सर्वांनी यायचं हां. खाली नाचणारी तीन चित्रं.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत या पोराने ताकास तूर लागू दिली नव्हती असं त्याला वाटत होतं. आत्याला दहावीपासून माहीत होतं. तिने एक पुडी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. "जा. नाव घेऊन दे."

सोमवारी संध्याकाळी तो विचुंब्याला गेला. गाडी त्यांच्या गल्लीत मावेना, म्हणून कोपऱ्यावर लावली. इमारत नवी, पण लिफ्ट अजून कागदावर. तीन मजले चढेपर्यंत त्याने चार वेळा परतायचं ठरवलं. दार तिच्या वडिलांनी, गुरुदत्तकाकांनी उघडलं. पोस्टातून निवृत्त झालेला, बनियनवर असलेला, प्रसन्न माणूस.

"काका, मी धनेश, गव्हाणचा. गुरुवारी बहिणीची हळद आहे. अक्षत द्यायला आलोय."

"अक्षत!" काका लगबगीने आत गेले आणि शर्ट घालून आले. "अरे, हल्ली अक्षत कोण देतो? सगळं मोबाइलवर. जन्मभर लोकांची पत्रं दारोदार पोचवली, आता मलाच कोणी दारात येऊन काही देत नाही." त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अनुष्का आली. हातात पेपरांचा गठ्ठा, केसात लाल पेन खोचलेलं. धनेशला बघून थबकली. आता नाव घ्यायचं. आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं. वर्षभर मॅडम म्हणून म्हणून जिभेला तेच वळण लागलेलं. "मॅ..." म्हणाला, थांबला. "म..." म्हणाला, थांबला. काकांना वाटलं पोराला पाणी हवं.

"अनुष्का," शेवटी तो म्हणाला, "गुरुवारी ये. ग्रुपवर सगळ्यांना टाकलंय, ते सोड. तुला वेगळं सांगायला आलोय. आधीच यायला पाहिजे होतं. भ्यायलो."

काकांनी एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. मग काका हळूच म्हणाले, "बाबा रे, इतक्यात नाव घेतलंस? उखाणा तरी जोडायचास."

धनेशचे कान तापले. अनुष्काने गठ्ठा टेबलावर ठेवला, ओंजळ पुढे केली, अक्षत घेतली. हसली की नाही ते त्याला सांगता येईना, कारण तो तिच्या ओंजळीकडे बघत होता.

"तुमचा निबंध राहिलाय," ती म्हणाली. "उद्या शेवटची तारीख."

जिन्यावरून उतरताना त्याला वाटलं, संपलं. तरीही घरी येऊन त्याने लिहिलं. मोडकंतोडकं इंग्रजी, पण स्वतःचं, अर्धं पान. शेठने सगळ्यांना बोलावलं, जिला बोलवायचं होतं तिच्या दारात तो गेला नाही. त्याला वाटलं, महाल तिला बोलावेल. महालाला तोंड नसतं. लोक म्हणतात तो गर्विष्ठ होता. तो गर्विष्ठ नव्हता, त्याला भीती वाटत होती, ती नाही म्हणेल याची. मला ही भीती माहीत आहे. मंगळवारी सकाळी कॉलेजात जाऊन त्याने तो कागद शिपायाकडे दिला.

गुरुवारी मांडवात माणूस मावत नव्हता. मटणाचा वास पार रस्त्यापर्यंत, डीजेने पत्रे हलत होते, कुबरा नवऱ्या मुलीच्या मेहंदीवर देखरेख करत होती. धनेश पाहुण्यांना पाणी देत होता आणि फाटकाकडे बघत होता. एकाच पाहुण्याला तीनदा पाणी दिलं. सात वाजले, साडेसात वाजले. जनी आत्या उठली, तिने हात वर केला आणि डीजे गप्प झाला. एवढ्या गर्दीत एकदम शांतता पसरली. आत्या एकेका देवाला नाव घेऊन बोलवू लागली.

खंडोबाचं नाव झालं आणि फाटकातून गुरुदत्तकाका आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. त्यांच्यामागून पिवळी साडी नेसलेली अनुष्का. धनेशच्या हातातला जग तिरका झाला आणि पाणी एका पाहुण्याच्या ताटात गेलं.

ती सरळ त्याच्याकडे आली. धवला चालू होता, म्हणून हलक्या आवाजात बोलली. "तुझा निबंध वाचला."

ती 'तुझा' म्हणाली हे त्याच्या लक्षात आलंच नाही, इतका तो घाबरला होता. "किती मिळाले?"

"मी नाही तपासला. दुसऱ्या मॅडमकडे दिला."

"का? एवढा वाईट होता?"

"पहिल्या दिवशी मी एक नियम सांगितला होता," अनुष्का म्हणाली आणि नवऱ्या मुलीला हळद लावायला निघून गेली.

धनेश जग धरून उभा राहिला. पहिला दिवस. हजेरी. कुबराचा मागचा बाक. घरच्या माणसाचा पेपर आपण तपासायचा... आणि मग त्याला कळलं.

धवला संपवून आत्या घाम पुसत त्याच्यापाशी आली. "आली ना बाय? काय बोलली? पास का नापास?"

"पेपर तपासलाच नाय, आत्या," धनेश म्हणाला.

आत्याचा चेहरा पडला. "अगो बाय! म्हंजे नापास?"

त्याला उत्तर द्यायचं होतं, पण हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. त्याने नुसतीच मान हलवली, आणि आत्या बिचारी हातातली हळद त्याच्या गालाला पुसून म्हणाली, "नको रडू. परत बस परिक्षेला."